पापुद्रा सुटला? आधी त्याची पाठ बघा

भाकरीला पापुद्रा सुटला की आमच्या घरी मंडळी खूश होते. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली, टम्म फुगली, वरचा पदर अलगद वेगळा झाला, म्हणजे पीठ चांगलं मळलं होतं. माझ्या धंद्यात नेमकं हेच झालं तर गिऱ्हाईक दारात भांडायला उभं राहतं. फोमवर चढवलेलं फायबर, म्हणजे रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून घट्ट केलेलं काचेचं कापड, पापुद्र्यासारखं उचललं की तो पाण्यावर तरंगणारा बोर्ड किंवा फ्लोट संपला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी चाळीसेक वर्षं फौंड्रीची पॅटर्नं, म्हणजे ओतकामाचे नमुने केले. आधी सागवानाची, नंतर फायबरची. आता मुलगा काम बघतो आणि मी वाचकांची पत्रं बघतो. या वेळी थैलीत निम्म्याहून जास्त पत्रं फोम आणि फायबरचीच निघाली. पुराची दोन वर्षं, २०१९ आणि २०२१, लोक विसरलेले नाहीत, त्यात मोबाइलवर बघून जो तो घरी तरंगणाऱ्या वस्तू बनवायला लागलाय. चांगलंच आहे. पाच पत्रं निवडली आहेत.

प्रयाग चिखलीहून एक वाचक लिहितात: काका, २०२१ च्या पुरानंतर ठरवलं होतं की घरात तरंगणारं काहीतरी पाहिजेच. यंदा जानेवारीत थर्माकोलचा आठ फुटी बोर्ड केला, वर काचेच्या कापडाचे दोन थर, एपॉक्सी रेझिनमध्ये. नेव्ही ब्लू रंग दिला. एप्रिलपर्यंत नदीत झकास चालला. मे महिन्यात गोठ्याच्या पत्र्यावर ठेवला होता. उतरवला तर मधोमध ताटाएवढा फुगवटा, दाबला की कटकट वाजतो. कुठल्या कंपनीचं रेझिन घेऊ म्हणजे असं होणार नाही?

कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण इथं दोष रेझिनचा दिसत नाही. पण तुम्ही एक शहाणपणा केलात. फुगवट्याचा तळहाताएवढा तुकडा ब्लेडनं कापून पत्रासोबत पाठवलात. तो आत्ता माझ्यासमोर टेबलावर उलटा पडलाय.

मधला भाग, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, आरशासारखा चकचकीत आहे. बोट फिरवलं तर बोटाला पांढरी पिठी लागते. त्याच्याभोवती थर्माकोलचे तुटके मणी चिकटलेत, साबुदाणा सांडल्यासारखे. कडेकडेला तर मणी इतके दाट आहेत की काच दिसत नाही.

आता हे वाचायचं कसं ते सांगतो. जिथं मणी चिकटून आले, तिथं रेझिननं काम चोख केलं होतं. ताण आला तेव्हा जोड सुटला नाही, फोम फाटला. जिथं पाठ चकचकीत आली, तिथं रेझिन फोमला कधी लागलंच नव्हतं. घासल्यावर राहिलेल्या पिठीला ते लागलं, आणि पिठी कुणालाच धरून नव्हती. म्हणजे जानेवारीतच तुमच्या बोर्डात नाण्याएवढी जागा सुटलेली होती. नदीच्या गार पाण्यात ती गप्प राहिली. मे महिन्यात पत्र्यावर चढली आणि जागी झाली.

उन्हातला गडद रंगाचा पृष्ठभाग सत्तर अंशांपर्यंत सहज जातो. दुपारी त्या पत्र्यावर हात ठेवून बघा, फार वेळ ठेवता येणार नाही. २५ अंशांची हवा ७० अंशांवर नेली तर ती साधारण १५ टक्के जास्त जागा मागते. ती नाण्याएवढ्या फटीत कोंडलेली. वर आपण घरी, साध्या तापमानाला सेट केलेलं एपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढं मऊ पडायला लागतं. हवा ढकलतेय आणि फायबरची साल ढिली पडतेय, मग फाटत फाटत नाण्याचं ताट व्हायला किती वेळ?

अमेरिकेत बर्ट रुटान यांचं व्हेरीईझी हे छोटं विमान १९७५ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याचे पंख म्हणजे तापलेल्या तारेनं कापलेला फोम आणि त्यावर एपॉक्सीत बसवलेलं काचेचं कापड. साचा नाहीच. पुढं कितीतरी हौशी लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये अशी विमानं बांधली, आणि ती बघावी तर पांढरी. रंगाची आवड वेगवेगळी असणारच की, पण गडद रंगानं उन्हात पंख मऊ पडेल ही भीती सगळ्यांना सारखी. तेव्हा तुमचा नेव्ही ब्लू कितीही देखणा असला तरी पुढचा बोर्ड पांढरा करा आणि सावलीत ठेवा. पत्र्यावर तर नकोच, पत्रा खालूनही भाजतो.

पिठीचं काय करायचं? फोम घासून झाला की आधी मऊ कोरड्या ब्रशनं झाडा, मग व्हॅक्यूम क्लीनर फिरवा, परत ब्रश, परत व्हॅक्यूम. थर्माकोलची पिठी विजेच्या भारानं चिकटून बसते, एका फेरीत जात नाही. थिनरचा बोळा लावाल तर फोमच विरघळेल. ओलं फडकं नको, मण्यांच्या फटीत पाणी राहतं. आणि वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह होतो, तो टाळा. तेल-पाण्याचे फवारे मारणारे कॉम्प्रेसर मी उद्यमनगरात रोज बघतो. फोमवर तेलाचा हात फिरला की संपलं.

मग स्लरी. लोक हीच पायरी गाळतात. थर्माकोलच्या मण्यांमध्ये फटी असतात. कापड टाकून रेझिन ओतलं की पहिल्या अर्ध्या तासात त्या फटी रेझिन पितात, कापड वर कोरडं राहतं. म्हणून आधी एपॉक्सी कालवायचं, त्यात मायक्रोबलून, म्हणजे पिठाइतके बारीक पोकळ गोळे घालायचे, आंबोळीच्या पिठाइतकं पातळसर करायचं, आणि प्लास्टिकच्या पट्टीनं फोमवर ओढून घ्यायचं. फटी भरल्या पाहिजेत, वर थर राहायला नको. फायबरचं सामान विकणाऱ्या दुकानात मायक्रोबलून मिळतात. पिशवी हातात घेतली की रिकामी वाटते इतके हलके असतात, मास्क लावूनच उघडा. ही स्लरी चिकट असतानाच वर कापड अंथरायचं. ती रात्रभर वाळू दिली तर पुन्हा घासणं आलं, पुन्हा पिठी आली, आणि आपण जिथं होतो तिथंच.

दुरुस्तीबद्दल: फुगवट्याला भोक पाडून सिरिंजनं एपॉक्सी भरा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. आतली जागा स्वच्छ असेल तर लहान फोडाला तो चालतो. तुमच्या फुगवट्यात पिठी आहे, तिथं नवं एपॉक्सीही पिठीलाच चिकटणार. सुटलेला सगळा भाग कापून काढा, मणी धरून ठेवलेल्या कडेपर्यंत जा, कडा ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं उतरत्या घासा, पिठी काढा, स्लरी, आणि नवं कापड जुन्यावर चारी बाजूंनी दोन-तीन इंच चढवून घ्या.

आणि एक. बोर्ड खेळायला ठीक. पुरात घरातली माणसं बसवायची असतील तर लाइफ जॅकेटशिवाय नको.

शिरोळ तालुक्यातून एक शेतकरी: शेततळ्यात मोटर तरंगती ठेवायची आहे. थर्माकोलचे ठोकळे घेऊन फायबरवाल्याकडं गेलो. त्यानं रेझिन लावताच ठोकळ्यात खड्डे पडले. आता तो म्हणतो, आधी डिस्टेंपर मारून आणा, मग लावतो. मारून नेऊ का?

नका नेऊ. तुमच्या फायबरवाल्यानं लावलं ते पॉलिस्टर रेझिन. गाडीचे बंपर, पाण्याच्या टाक्या, गणपतीचे साचे, सगळीकडं तेच चालतं, स्वस्त पडतं. त्यात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त स्टायरीन असतं, आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. दोघं एकाच घराण्यातले. गुळाच्या ढेपेवर गरम पाण्याची धार धरावी तसं झालं असणार. थर्माकोलवर एपॉक्सीच लागतं. फ्रीजच्या भिंतीत भरलेला असतो तसला पिवळसर पफ फोम असता तर पॉलिस्टर चाललं असतं.

डिस्टेंपरचा उपाय ऐकायला बरा वाटतो: मधे पडदा टाकला, रेझिन फोमपर्यंत पोचलं नाही. पण फायबर कुणाला चिकटलं? डिस्टेंपरला. आणि डिस्टेंपर थर्माकोलला किती धरून असतो? नखानं खरवडून बघा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट. आमचे मेहुणे आंबेवाडीत राहतात. पूर ओसरल्यावर ते म्हणाले, दाजी, जनावरांचा चारा तरी हलवता येईल असा तराफा करून द्या. हिवाळ्यात चार फ्लोट केले. थर्माकोल रेझिन पितो हे मला ठाऊक होतं, आणि एपॉक्सी महाग, म्हणून शहाणपणा केला. सुतारकामाचा पांढरा डिंक पातळ करून फोमला दोन हात मारले, वाळवले, वर एपॉक्सी आणि कापड. इतकं गुळगुळीत बसलं की शेजारच्या वर्कशॉपमधल्या दोघांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, नाद खुळा.

जुलै २०२१ ला पाणी परत चढलं. तराफा दोन दिवस कडब्याच्या पेंढ्या घेऊन नीट चालला. तिसऱ्या दिवशी एका फ्लोटची साल केळ्यासारखी निघाली. दोरीसाठी पाडलेल्या भोकातून पाणी आत शिरलं होतं. सालीची पाठ बघितली तर पांढरा, बुळबुळीत, साबणासारखा डिंक. फोम स्वच्छ, काच मजबूत, मधला डिंक पाण्यात विरघळलेला. पेंढ्या वाहून गेल्या. मेहुणे काही बोलले नाहीत, पण दिवाळीला आले तेव्हा मुद्दाम केळी घेऊन आले.

आता हिशोब. समजा मोटर, लोखंडी फ्रेम आणि पाण्यानं भरलेल्या पाइपचा फ्लोटवर येणारा भार मिळून १२० किलो. एक लिटर बुडालं की एक किलो उचलतं. मी दुप्पट धरतो, म्हणजे २४० लिटर. एक मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद, २० सेंटीमीटर उंच असा ठोकळा ६० लिटरचा होतो. असे चार. प्रत्येकाचा पृष्ठभाग सव्वा चौरस मीटरपेक्षा थोडा कमी, १.१२. २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) कापडाचे दोन थर म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम काच, तितकंच रेझिन, आणि स्लरी धरून वर तीन-चारशे ग्रॅम. चार ठोकळ्यांना साडेतीन किलोच्या आसपास एपॉक्सी लागणार.

त्याची किंमत विचारून या, आणि मग निळी प्लास्टिकची बॅरल बघा. झाकण घट्ट असलेली चार बॅरल फ्रेमला आडवी बांधली की तुमचं काम होतं, पापुद्र्याचा प्रश्नच नाही. फायबरवाल्यानं हे सांगू नये, पण मी आता निवृत्त आहे.

ठोकळे आणलेच आहेत म्हणून तेच वापरायचे तर आधी वजन करा. एक मीटर बाय अर्धा मीटर, ५० मिलिमीटर जाडीची शीट २५ लिटरची असते. ती अर्धा किलो भरली तर घनता घनमीटरला २० किलो, म्हणजे चालेल. पाव किलोच भरली तर तो टीव्हीच्या खोक्यातला, पॅकिंगचा माल. त्याच्यावर साल कितीही उत्तम चिकटवा, पायाची टाच पडली की फोम आतून चुरतो, साल मणी घेऊन वर येते. कोल्ड स्टोरेज किंवा छताच्या इन्सुलेशनसाठी जो थर्माकोल विकतात तो मागा आणि दुकानातच तराजूवर टाका. तसंच ठोकळ्याच्या सगळ्या कडा अंगठ्याएवढ्या गोल करा. काचेचं कापड काटकोनात वळत नाही, कडेला उचलून बसतं, खाली हवेची नळी राहते आणि साल तिथूनच सुरुवात करते.

इचलकरंजीहून एक भगिनी: भाऊ, मुलगा बारावीची परीक्षा झाल्यापासून गच्चीवर फोमची होडी करतोय. सकाळी दहाला रेझिन लावलं की अकरापर्यंत सगळीकडं बुडबुडे, पुरळ उठल्यासारखे. टोचून टोचून वैतागला. त्याचं म्हणणं ऊन चांगलं लागलं तर लवकर वाळेल. शिवाय तो म्हणतो पील प्लाय नावाचं कापड मुंबईहून मागवू. ते खरंच लागतं का? आणि त्याच्या हातांना खाज सुटलीय.

ताई, खाजेपासून सुरू करतो. काचेच्या धाग्यांची खाज गार पाण्यानं धुतली की एक-दोन दिवसांत जाते. पण एपॉक्सीला घट्ट करणाऱ्या हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की सहसा पाठ सोडत नाही. माझ्या ओळखीच्या एका कारागिराला आता डबा नुसता उघडला तरी पापण्या सुजतात. लाल चट्टे असतील तर काम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. निळे नायट्रिलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, घासताना मास्क. अंगावर लागलेलं रेझिन थिनरनं पुसू नका, थिनर ते कातडीत आणखी आत नेतं. साबण-पाणी.

आता बुडबुडे. सकाळी दहाला गच्चीवरचा फोम तापायला लागलेला असतो. तापला की मण्यांमधली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून वर येते. तो टोचतोय, खालून नवी येतेय, आणि हे दुपारपर्यंत चालणार. उलटं करायला सांगा. फोम आणि रेझिन दिवसभर घरातल्या ऊबदार खोलीत राहू देत. संध्याकाळी पाच-साडेपाचला, ऊन उतरल्यावर, सावलीत कापड टाकायचं. रात्र पडते तसा फोम गार होतो, आतली हवा आकसते, आणि रेझिनला वर ढकलायच्या ऐवजी आत ओढून घेते. तेच सामान, फक्त घड्याळ बदललं. गावठी युक्ती वाटेल, पण फोमवर काम करणारे जगभर असंच करतात.

उन्हात दुसरा धोका प्लास्टिकच्या मगाचा. तीनशे ग्रॅम रेझिन एकदम उभ्या मगात कालवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, धूर निघतो आणि प्लास्टिकचा मगच वितळतो. शंभर-शंभर ग्रॅमच कालवायचं आणि लगेच पसरट ताटलीत ओतायचं. ताटली परत स्वयंपाकघरात नेऊ देऊ नका.

पील प्लायला मुंबई कशाला? तुम्ही इचलकरंजीत राहता! ते नायलॉनचं किंवा पॉलिस्टरचं साधं विणीचं कापडच असतं. ओल्या फायबरवर शेवटी अंथरायचं, पट्टीनं दाबायचं, सेट झालं की ओढून काढायचं. एपॉक्सी त्याला कायमचं धरत नाही. ते जाताना जास्तीचं रेझिन आणि वरचा मेण-चिकटा घेऊन जातं, खाली खरखरीत स्वच्छ पृष्ठभाग राहतो, पुढचा थर घासाघाशीशिवाय बसतो. कडांवर तर फारच उपयोगी, कारण कापड उचलू देत नाही. एखाद्या मागावरचं कोरं, कसलंही फिनिश न चढवलेलं पॉलिस्टर अस्तर आणा. छत्रीचं किंवा पाण्यानं न भिजणारं कापड नको. त्यावरचं लेपन फायबरवर उतरतं आणि मग पुढचं काहीच चिकटत नाही. सुतीही नको, ते कायमचं होडीचा भाग होईल. आधी पत्र्याच्या तुकड्यावर वीतभर करून बघा, सुटतंय ना.

कोल्हापुरातून इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी: सर, कॉलेजच्या स्पर्धेसाठी सोलर बोट करतोय. फोमवर पहिला थर ४५० ची मॅट आणि एपॉक्सी. मॅट कडक राहिली, पांढरे केस दिसतात. दुसरा थर आठ दिवसांनी, जुलैत, विणलेल्या कापडाचा टाकला. तो पहिल्यावरून कागदासारखा सुटला. लवकर सेट व्हावं म्हणून हार्डनर दीडपट घातला होता, आणि खोली ऊबदार राहावी म्हणून गॅसची शेगडी लावली होती.

तुम्ही चार चुका एकाच पत्रात बसवल्यात, हेही कौशल्यच आहे.

मॅट म्हणजे तुकडे केलेले काचेचे धागे, एका बाइंडरनं धरलेले. तो बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळतो, म्हणून पॉलिस्टर लावताच मॅट मऊ पडून बसते. एपॉक्सीत स्टायरीन नाही. बाइंडर तसाच राहतो, मॅट फणसाच्या चारखंडासारखी ताठ. एपॉक्सीला विणलेलं कापड घ्या, आणि ते एपॉक्सीला चालणारं आहे हे दुकानात विचारून. पांढरे केस म्हणजे तिथं रेझिन नाही, हवा आहे. ओली झालेली काच पारदर्शक होते. अशी जागा सोलली की पाठीवर कोरडे धागे दिसतात. आतापर्यंत तीन पाठी झाल्या, चकचकीत, मण्यांची, डिंकाची. ही चौथी.

हार्डनरचं. पॉलिस्टरला घट्ट करणारा कॅटलिस्ट थोडा कमीजास्त करून वेळ बदलता येतो, आणि ती सवय लोक एपॉक्सीवर आणतात. एपॉक्सीत हार्डनरचा प्रत्येक कण रेझिनशी जोडी जमवतो. दीडपट घातला तर उरलेले बिनजोडीचे तसेच राहतात, थर चिवट-मऊ होतो, पाण्यात आणखी बिघडतो. तुमच्याकडच्या रेझिनचं प्रमाण डब्यावर असेल. कॉलेजच्या लॅबमध्ये सहसा दिसणाऱ्या एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर या जोडीत १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास. डोळ्यांनी नाही, सोनाराच्या असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर. आणि पॉलिस्टरचा विषय निघालाच आहे तर: वेग वाढवणारं कोबाल्ट आणि एमईकेपी हा कॅटलिस्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, दोन्हीच्या बाटल्या एका फळीवरसुद्धा ठेवू नका. भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं.

आता कागदासारखा सुटलेला थर. दमट हवेत एचवाय ९५१ सारखे अमाइन जातीचे हार्डनर हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन पृष्ठभागावर तेलकट-मेणचट पडदा धरतात. कोल्हापूरच्या जुलैत कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथं हा पडदा येणारच. आणि गॅसची शेगडी जळताना काय सोडते? तेच दोन्ही, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. तुम्ही पडद्याला दूध-साखर घातलीत. ऊब हवी तर विजेचा बल्ब किंवा हीटर. नाहीतर माझ्यासारखं करा: जून ते सप्टेंबर फोम कापायचा, घासायचा, आणि रेझिनचा डबा दिवाळीनंतर उघडायचा.

पडदा पाण्यात विरघळतो. कोमट पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी, दोनदा धुवायचं, पुसायचं, पूर्ण वाळवायचं, मग ८० नंबरनं घासायचं. आधी घासलंत तर पडदा खरचटांमध्ये चोपडला जातो. किंवा पुढचा थर वेळेत टाका: बोट लावलं की ठसा उमटतो पण बोटाला रेझिन लागत नाही, त्या घटकेला. तेव्हा टाकलेला थर खालच्याशी रसायनानंच जुळतो.

तुमची मॅट मात्र काढावीच लागेल. धुऊन-घासून ती सुधारणार नाही.

गारगोटीहून एक वाचक: निळ्या रंगाच्या गुळगुळीत फोम शीट मिळाल्या. त्यावर फायबर धरेल का? आणि बोर्ड न कापता, आत सुटलंय का हे कसं ओळखायचं?

ती निळी शीट म्हणजे एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन. पाणी पीत नाही, मजबूत असते, पण वरची कारखान्यातली चकचकीत त्वचा फायबरला धरत नाही. ४० नंबरच्या पेपरनं ती पूर्ण काढायची, एकही चमकता ठिपका ठेवायचा नाही. शिवाय मी फळीला बारीक खिळे ठोकून केलेल्या फणीनं सगळीकडं टोचे मारतो, म्हणजे स्लरी आत रोवली जाते. तरीही कडक उन्हात फोड येण्याची खोड या फोमला थर्माकोलपेक्षा जास्त आहे, कारण त्याच्या बंद पेशींमधला वायू बाहेर पडायला वाट नसते. सावलीत राहणार असेल तरच घ्या.

ओळखायला पाच रुपयांचं नाणं पुरे. बोर्डावर दर दोन बोटांवर टकटक करत जायचं. धरलेल्या जागी आवाज टणक, आखूड. सुटलेल्या जागी भद्द, भिंतीचा पोकळ गिलावा वाजतो तसा. खडूनं गोल मारून ठेवा आणि महिन्यानं परत वाजवा. गोलाबाहेर भद्द आवाज गेला असेल तर वाढतंय.

दुसरी तपासणी वजनाची. माझ्या वहीत मेहुण्यांच्या त्या चार फ्लोटपैकी नव्यानं केलेल्या एकाची नोंद आहे: डिसेंबरात २ किलो ४६० ग्रॅम, पुढच्या पावसाळ्यानंतर २ किलो ९१०. साडेचारशे ग्रॅम पाणी, आणि बाहेरून ओरखडासुद्धा नाही. शोधलं तर परत दोरीचं भोकच. आता मी भोक आधी मोठं पाडतो, ते एपॉक्सी आणि मायक्रोबलूनच्या घट्ट लगद्यानं भरतो, सेट झालं की त्या लगद्याच्या मधोमध दोरीचं लहान भोक घेतो. फोम पाण्याला दिसतच नाही. तेव्हापासून काटा हललेला नाही.

तुकडे पाठवणाऱ्यांना विनंती: सुकवून पाठवा. मागच्या महिन्यातल्या एकानं पाकिटातली बाकीची पत्रंही भिजवली, आणि दोन वाचकांचे प्रश्न शाईसकट गेले. ते दोघं कोण ते कळलेलं नाही, त्यांनी कृपया पुन्हा लिहावं.